आधी झाड ओळखा

पारोळ्यात फुलपाखरं पाहायला कुठं जायचं, असं कोणी विचारलं की मी त्याला गावाबाहेर, महामार्गाकडेच्या एखाद्या पडीक तुकड्यात नेतो. विचारणाऱ्याचं तोंड जरा उतरतं. त्याच्या मनात बाग असते, झेंडू असतो, निदान हिरवळ तरी असते. इथं समोर उभी असते धुळीनं माखलेली रुई. सुरतेहून नागपूरकडं जाणारे ट्रक शेजारून धडधडत जातात आणि प्रत्येक ट्रकमागं रुईवर धुळीचा नवा थर बसतो. दहा मिनिटं थांबा, एवढंच मी सांगतो. ऊन असेल आणि महिना श्रावण-भाद्रपदाचा असेल तर त्या दहा मिनिटांत एक नारिंगी फुलपाखरू हमखास येतं. ते रुईच्या फुलांकडं फारसं पाहत नाही. पानांभोवती घिरट्या घालतं, एका पानावर पाय टेकवतं, उडतं, दुसऱ्यावर टेकवतं. मग पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला क्षणभर चिकटतं आणि निघून जातं. पान उलटून पाहिलं तर तिथं खसखशीपेक्षा थोडं मोठं, पांढरट अंडं दिसतं.

हे प्लेन टायगर. खानदेशात फुलपाखरं पाहायला शिकायचं असेल तर पहिला धडा याच्याकडूनच घ्यावा. धडा असा : फुलपाखरू शोधत हिंडू नका, त्याचं झाड ओळखा आणि तिथं थांबा. फूल हे त्याचं जाता-येता चहा पिण्याचं ठिकाण. घर म्हणजे मादी ज्यावर अंडी घालते ते झाड, कारण अळीला बहुधा तेवढं एकच झाड किंवा त्याची दोन-चार भावंडं चालतात. मादी पायांनी पानाची चव घेते. म्हणून ती एकेका पानावर पाय टेकवत हिंडत होती.

आता या धड्यात शेतकऱ्याची बाजू आपसूक वरचढ ठरते. शहरातून येणारा हौशी माणूस महागडा कॅमेरा घेऊन येतो, पण त्याला तरोटा आणि भुईमूग यांतला फरक कळत नाही. इथल्या कोणाही माणसाला रुई, बोर, एरंड, घोळ, वाघाटी, तरोटा दाखवावं लागत नाही. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. कोणत्या झाडाशी कोण राहतं, तेवढं जोडून घ्यायचं राहिलं.

रुईपासूनच पुढं जाऊ. हिचा चीक विषारी. प्लेन टायगरची अळी तेच पान खाते आणि ते विष अंगात साठवते, ते पुढं फुलपाखरातही उतरतं. म्हणून या फुलपाखराला पक्षी सहसा तोंड लावत नाहीत आणि म्हणूनच ते एवढं निवांत उडतं. अळी पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या असलेली, लपण्याची अजिबात घाई नसलेली. पान खाण्याआधी ती शिर कुरतडून चीक वाहून जाऊ देते. हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर सोडू नका. फक्त पान हाताळल्यावर डोळ्याला हात लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, मुलांना हे आधी बजावून ठेवावं.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, ती पानं तोडतानाही एकदा मागची बाजू पाहावी. अंडं किंवा अळी असलेलं पान सोडून शेजारचं घ्यावं. हेच बेलाला लागू. श्रावणी सोमवारी महादेवाला वाहिलेल्या बेलाच्या ढिगात मी अनेकदा लाइम बटरफ्लायच्या अळ्या पाहिल्या आहेत. त्या दिसल्या तरी ओळखू येत नाहीत, कारण लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग. मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीनं हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून केशरी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि आंबूस उग्र वास सोडते. एकदा पाहायला हरकत नाही, पुन्हा पुन्हा त्रास देऊ नये.

रुईवर एक गंमत आणखी आहे. प्लेन टायगरसारखंच दिसणारं, पण रुईशी काही देणंघेणं नसलेलं एक फुलपाखरू पारोळ्याच्या परिसरात फिरतं : डॅनाइड एगफ्लायची मादी. तिच्या अंगात विष नाही. विषारी फुलपाखराचा पोशाख चढवून ती पक्ष्यांना फसवते. नर मात्र अगदी वेगळा, काळा मखमली, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे ठिपके. मादी ओळखायची खूण मागच्या पंखात आहे. तिथं मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, मध्य कोरा असला तर एगफ्लाय. ती अंडी घालते घोळीवर, आपण भाजी करतो त्याच घोळीवर. परसात घोळ उगवली असेल तर सगळीच्या सगळी उपटून परातीत टाकू नका, कोपऱ्यात थोडी राहू द्या.

बोराच्या काट्यांत पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं, नखाएवढ्याहून थोडं मोठं कॉमन पिएरो बसतं. पंखाच्या टोकाला धाग्यासारखं शेपूट असतं. एरंडावर तपकिरी पंखांवर नागमोडी रेघा असलेलं कॉमन कॅस्टर. हे एरंडाभोवतीच पंख न हलवता तरंगत राहतं. शेजारच्या एरंडोलच्या नावातच एरंड असल्यामुळं मला उगीचच वाटत आलं आहे, की या फुलपाखराला तालुक्याचा मान मिळायला हवा होता. एरंडाच्या पानांची चाळण करणारी उंटअळी मात्र याची नव्हे, ती पतंगाची. कॉमन कॅस्टरची अळी हिरवी, अंगभर फांद्यांसारखे काटे असलेली.

नेपती आणि वाघाटी या दोन काटेरी भावंडांकडं माझं जास्त लक्ष असतं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वाघाटीच्या फळांची भाजी करणारी घरं आपल्याकडं अजून आहेत. त्या वेलावर पांढरी-पिवळी फुलपाखरं वेगानं येऊन जातात : कॉमन गल, पायोनियर, आणि टोकाला नारिंगी रंग असलेली ऑरेंज टिप. ही दुपारच्या उन्हातही उडतात आणि क्वचितच बसतात. यांचा पाठलाग करून कोणाला काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही. वेलापाशी सावलीत बसावं. मादी अंडी घालायला येतेच.

आणि किडामार. काळ्या जमिनीत, कपाशीच्या नाहीतर ज्वारीच्या कडेला जमिनीवर पसरणारं, करड्या हिरव्या पानांचं, उग्र वासाचं हे तण. नाव किडामार, पण क्रिमसन रोझ आणि कॉमन रोझ या दोन फुलपाखरांच्या अळ्या त्याच्यावरच जगतात. क्रिमसन रोझ एकदा दिसलं की विसरत नाही. काळे पंख, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्यावर लाल ठिपके आणि अंग लालबुंद. निंदणीत किडामार जातंच, त्याला इलाज नाही. बांधावरचं तेवढं राहू द्या, एवढीच शेतकऱ्याकडं मागणी.

बांध हा खरा मुद्दा आहे. कपाशीच्या वावरात फुलपाखरांना राहायला जागा नाही, ती फार तर फुलावर येऊन जातात. त्यांचं सगळं बिऱ्हाड बांधावर, नाल्याच्या काठावर, पडीक गायरानात, रस्त्याच्या चरीत. गेल्या काही वर्षांत बांधावर तणनाशक मारायची पद्धत पडली आहे. बांध पिवळा पडला की स्वच्छ दिसतो खरा. पण त्या वर्षी तिथं तरोटा नाही, तरोटा नाही म्हणून मॉटल्ड एमिग्रंट नाही, बारकी पिवळी ग्रास यलोही नाहीत. फुलपाखरं पाहायला मी कोणता बांध निवडतो, याचं उत्तर त्यामुळं सोपं आहे : ज्या शेतकऱ्याला शेजारी आळशी म्हणतात त्याचा.

फुलपाखरं म्हणजे सगळी निष्पाप, असंही समजू नये. तुरीच्या, वालाच्या शेंगांत शिरणारी एक अळी पी ब्लू नावाच्या निळसर, शेपटीवाल्या फुलपाखराची असते. डाळिंब पोखरणारी सुरसा अळी हीसुद्धा फुलपाखराचीच. बाग असणाऱ्यानं तिचा बंदोबस्त करावा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. बोंडअळ्यांचं खापर मात्र फुलपाखरांवर फोडू नका. त्या सगळ्या पतंगांच्या. कामगंध सापळ्यात सापडलेला कीटक नीट पाहिला तर फरक कळतो. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगपेटीच्या काडीसारखी गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी असते.

आता वेळ. फुलपाखराला स्वतःची ऊब नसते, सकाळी पंख उघडून ते ऊन खातं आणि अंग तापल्यावरच उडतं. म्हणून सकाळी आठच्या आधी गेलात तर ती गवतावर सुस्त बसलेली सापडतील, फोटोला ही वेळ उत्तम. साडेआठ-नऊ ते साडेअकरा हा हालचालीचा काळ. त्यानंतर खानदेशी ऊन माणसाचं आणि फुलपाखराचं दोघांचंही डोकं फिरवतं. ढग आले की सगळं थांबतं. अशा वेळी निघून न जाता झुडपांच्या आत, पानांच्या खालच्या बाजूला पाहावं.

ऋतूचा हिशेब आपल्या सणांवर ठेवला तर लक्षात राहतो. आखाजीच्या सुमारास शिवार भाजून निघालेलं असतं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये. जिथं पाणी झिरपतं तिथंच काय ती सापडतील. मृगाच्या सरींनंतर तण उगवतं, त्यामागोमाग अंडी-अळ्या येतात. कानबाई बसते तोवर तरोटा गुडघ्याला लागलेला असतो आणि त्यावर फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं उडायला लागलेली असतात. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत भरगच्च. सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ पाळतात, 2020 पासून. तो महिना आपल्याकडंही नेमका जुळतो. हिवाळ्यात ब्लू पॅन्सी, यलो पॅन्सी जमिनीवर पंख पसरून ऊन खात बसतात. यलो पॅन्सीच्या पिवळ्या पंखांवर मागं निळा डाग असतो, तो उन्हात असा चमकतो की मोबाइलचा कॅमेरा गोंधळतो.

पारोळ्यातल्या जागा विचाराल तर पहिली बोरी नदीचा काठ. तामसवाडीच्या बोरी धरणाच्या पाण्याची पातळी उतरू लागली की ओल्या मातीच्या पट्ट्यावर फुलपाखरं गर्दी करतात. ती नुसतं पाणी पीत नाहीत, मातीतले क्षार शोषतात. यात बहुतेक नर असतात. पाइपलाइनचा गळका व्हॉल्व्ह, गुरांच्या गोठ्यामागची ओल, इतकंच काय मुतारीची जागाही त्यांना आवडते. सौंदर्याच्या भक्तांना हे सांगितलं की ते नाराज होतात. दुसरी जागा गावातला भुईकोट किल्ला. पडक्या भिंती, कोरडा खंदक, त्यात माजलेलं रान. 1727 च्या सुमारास हरी सदाशिव दामोदरांनी तो बांधला असं मानतात. राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचा पारोळ्याशी संबंध सांगतात, पाहुणा आला की आपण तेवढं सांगून त्याला परत पाठवतो. त्याला सकाळी अर्धा तास खंदकाच्या कडेनं फिरवा. दगडांच्या फटींत सावकाश पाहा, पावसाळ्यात तिथं सापही असतात.

एखादा दिवस हातात असेल तर एरंडोलजवळचं पद्मालय. गणपतीचं दर्शन घेऊन लोक परततात, पण कमळांच्या तळ्याभोवतीचं पानगळीचं जंगल पाहायला थांबत नाहीत. तिथं शेताच्या बांधावर न दिसणारी काही मंडळी भेटतात, चिंचेशी नातं असलेलं ब्लॅक राजा त्यांतलं. आणखी लांब जायचं तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी, म्हणजे गौताळा अभयारण्याची कड, नाहीतर सातपुड्यातलं यावल अभयारण्य आणि पाल. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि वेळा पाळाव्यात. राणी पाकोळी अर्थात ब्लू मॉर्मन पाहायचीच असा हट्ट धरून मात्र या रानांत जाऊ नका. 22 जून 2015 रोजी महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखराचा मान दिला, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. पण ती सह्याद्रीच्या ओलसर सावलीतली, आपल्या कोरड्या मुलखातली नव्हे. आपल्याकडं हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू आहे, ते काय कमी? पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग असा भरलेला, की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. हे बहुधा झाडांच्या शेंड्यावर उडतं, आंब्यावरच्या बांडगुळावर अंडी घालतं. त्यासाठी मान वर ठेवायची सवय लागते.

सोबत काय घ्यावं, याची यादी लहान आहे : पाणी, टोपी, वही, पेन्सिल. दुर्बीण असली तर जवळचं स्पष्ट दिसणारी असावी. पक्ष्यांसाठी घेतलेली मोठी दुर्बीण दोन मीटरवरच्या फुलपाखरापुढं आंधळी ठरते. पावसाळ्यात बांधावर जाताना घोट्याच्या वर येणारे बूट घालाच, घोणस गवतात दिसत नाही. आणि कपाशीवर फवारणी झालेल्या वावरात त्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस पाऊल टाकू नका. वावराच्या मालकाला आधी विचारावं. मी एकदा न विचारता बांधावर अर्धा तास उकिडवा बसलो होतो. मागून आवाज आला, “भाऊ, काय देखी ऱ्हायनात?” फुलपाखरू म्हटल्यावर त्या बाबांचा विश्वास बसेना. मी त्यांना पान उलटून अळी दाखवली. ते म्हणाले ते रोज पाहतात, फक्त तिचं पुढं काय होतं ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच मला नाल्यापलीकडची वाघाटी दाखवली. मला ती तीन वर्षांत सापडली नव्हती.

जवळ जाण्याची रीत अशी. समोरून जाऊ नये, सावली त्याच्यावर पडू देऊ नये, हात उंचावू नये. फुलपाखराला आकृतीपेक्षा हालचाल लवकर कळते. चार पावलं टाका, थांबा, पुन्हा चार टाका. उडालंच तर मागं धावू नका, बरीच फुलपाखरं पाच-दहा मिनिटांत त्याच जागी परततात. पॅन्सी तर ठरलेल्या दगडावरच येऊन बसते. फोटो एक वरून, एक मिटलेल्या पंखांचा, असे दोन घ्यावेत, कारण कित्येकांची ओळख पंखाच्या खालच्या बाजूवरूनच पटते. नाव कळलं नाही तर फोटो ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, किंवा कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर ताडून पाहा. इंग्रजी वाचता येत असेल तर आयझॅक किहिमकर यांचं पुस्तक घरात असावं. पण नावाची घाई नको. वहीत तारीख, वेळ, जागा आणि ते कोणत्या झाडावर होतं एवढं लिहिलं तरी नाव नंतर सापडतं. उलट नाव लिहून झाड लिहायचं राहिलं, तर ती नोंद वर्षभरानं काहीच सांगत नाही.

पकडू नये, हे वेगळं सांगायला नको. पंखांवरचा रंग म्हणजे सूक्ष्म खवले, चिमटीत धरलं की ते बोटाला लागतात आणि पुन्हा उगवत नाहीत. शाळेच्या प्रकल्पासाठी टाचणीला टोचून आणायला सांगणारे अजून भेटतात. काही फुलपाखरांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे, हे त्यांना शांतपणे सांगावं आणि मुलाला वहीत चित्र काढायला लावावं.

खानदेशात एक सोय आहे ती इतरांना सहज मिळत नाही : केळी. बाजारात न चालणारी, जास्त पिकलेली केळी बागेच्या कडेला टाकलेली असतात. फुलांकडं ढुंकून न पाहणारी काही फुलपाखरं अशा आंबलेल्या फळावर तासन्‌तास बसतात. राजा गटातली येतात, आणि संध्याकाळी इव्हिनिंग ब्राउन. घरी दोन काळी पडलेली केळी गूळ घालून कुस्करावीत, दोन दिवस झाकून ठेवावीत आणि झाडाच्या बुंध्याशी सावलीत बशीत ठेवावीत. मुंग्यांसाठी बशीखाली पाण्याचं ताट ठेवा. इव्हिनिंग ब्राउनचं पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं रूप वेगळं. पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ठसठशीत, उन्हाळ्यात ते जवळपास नाहीसे होऊन फुलपाखरू वाळलेल्या पानासारखं दिसतं. तीच बशी वर्षातून दोनदा ठेवली तर हा फरक घरबसल्या कळतो.

ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांनी कढीपत्ता लावावा, कुंडीतला चालेल. कोवळ्या पालवीवर कधीतरी लाइम बटरफ्लायचं पिवळसर मोत्यासारखं एकुलतं अंडं दिसेल. तीन-चार दिवसांत अळी, साधारण पंधरवड्यात कोष, मग आठ-दहा दिवस. थंडीत जास्त. फोडणीला पानं तोडताना तेवढी फांदी सोडायची, हा घरातल्या माणसांशी करायचा करार अवघड असतो. कोषातून कधी फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी बाहेर येईल, तोही त्याच गोष्टीचा भाग आहे. सगळं ठीक गेलं तर शेवटच्या रात्री कोष काळपट होतो आणि आतल्या पंखांचे पिवळे ठिपके बाहेरून दिसू लागतात. त्या सकाळी लवकर उठा. फुलपाखरू चुरगळलेल्या ओल्या पंखांनी लटकत बाहेर येतं, पंख भरायला आणि वाळायला तास-दीड तास घेतं. त्या वेळात त्याला हात लावू नका, वाऱ्याच्या आडोशाला कुंडी हलवायचीही गरज नाही. कामावर थोडं उशिरा निघा.